नऊ नंबर चावतो, काय करावं?

मी एका वेळी चार कामं करू शकते. ही फुशारकी नाही... बरं, फुशारकीच आहे! पण खरी आहे. आत्ताचंच बघा ना. लेक मांडीवर झोपली आहे, माझा उजवा हात तिच्या डोक्याखाली अडकून बधिर झालाय, डाव्या पायाने मी तिचा खुळखुळा सोफ्याखाली ढकलतेय (वाजला तर संपलं!) आणि डाव्या अंगठ्याने हे सगळं तुम्हाला लिहितेय.

लेक नऊ महिन्यांची आहे. समोर वरचे दोन दात नुकतेच आलेत, म्हणून तिला आम्ही खारूताई म्हणतो. खारूताई दिवसातून दोनदा झोपते. त्या दोन झोपांत मिळून माझी नोकरी मावते.

नोकरी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत. दोन सदरं माझ्याकडे. पहिलं ‘शिट्टी’. त्यात वाचक फुटबॉलच्या नियमांबद्दल वाट्टेल ते विचारतात आणि एक निवृत्त पंच उत्तरं देतात. ‘चेंडूवर पक्षी बसला तर?’, ‘गोलकीपरला मध्येच लघवी लागली तर?’ असले प्रश्न! पंचांना आम्ही शिट्टीकाका म्हणतो. चाळीस वर्षं व्यावसायिक सामन्यांत शिट्टी वाजवलेला माणूस. अजूनही बोलताना वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देत नाहीत, निकाल देतात.

दुसरं सदर ‘रांगत रांगत’. त्यात आया, आज्या, काही बिचारे बाप बाळांबद्दल विचारतात आणि एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई उत्तरं देतात. त्यांचा आवाज इतका मऊ की फोनवर त्या बोलायला लागल्या की मलाच जांभया येतात.

बाळंतपणाच्या रजेनंतर मी संपादकबाईंच्या अक्षरशः हातापाया पडून ही दोन सदरं घरून करायची परवानगी काढली होती. तीन महिने, फक्त चाचणीवर. बाईंनी चष्म्यावरून बघत बजावलं होतं, “एक मोठी चूक, आणि दुसऱ्या दिवसापासून नऊ ते सहा इथे, या खुर्चीत. कळलं?”

नऊ ते सहा! म्हणजे खारूताईच्या दोन्ही झोपा, तिची पहिली उभं राहण्याची धडपड, सगळं मला संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडून ऐकावं लागणार. नको रे बाबा!

म्हणून मी एक पद्धत बसवली. चोख! प्रश्नांची लांबलचक पत्रं आली की ती मी तशीच ऑफिसात मांडणीदादाकडे पाठवायची. मांडणीदादा म्हणजे पुरवणीची पानं लावणारा. प्रत्येक पत्रावर एक छोटी खूण घालायची आणि तीच खूण एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवायची. डावीकडे शिट्टीकाकांच्या चिठ्ठ्या, उजवीकडे डॉक्टरबाईंच्या. खारूताई झोपली की चिठ्ठ्या बघून दोघांना प्रश्न पाठवायचे, उत्तर आलं की खुणेसकट मांडणीदादाकडे ढकलायचं. तो ज्या खुणेचं उत्तर त्या खुणेच्या पत्राखाली लावणार. झालं!

वेळ वाचावा म्हणून चिठ्ठीवर मी क्रियापद अर्धंच लिहायचे. ‘चावतो’ऐवजी ‘चाव.’, ‘ओरडतं’ऐवजी ‘ओरड.’ आणि पुढे टिंब.

सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांना हे टिंब डोळ्यात खुपायचं.

“क्रियापद पूर्ण लिहावं गं,” त्या फ्रिज उघडताना रोज म्हणायच्या. “चाव म्हणजे काय? कोण चाव? कुणाला आज्ञा देतेयस? दूध काढायला आले तर तुझा फ्रिज मला म्हणतो चाव!”

“आई, मला कळतं ना, पुरे!”

मला कळत होतं. तिथेच तर घोळ झाला.

त्या गुरुवारी चिठ्ठ्या आठ होत्या.

शिट्टीकाकांकडे चार प्रश्न, चारही एकाच माणसाचे. आमच्या शहरातल्या व्यावसायिक क्लबचे प्रशिक्षक शिट्टीकाकांचे परमभक्त. ‘शिट्टी’ सदर ते खेळाडूंना रांगेत बसवून मोठ्याने वाचून दाखवतात म्हणे. रविवारी संध्याकाळी त्यांचा सामना एका महाबिलंदर संघाशी होता. त्यांनी लिहिलं होतं की समोरच्या संघाचा नऊ नंबर रागावला की चावतो, अकरा नंबर कुणी हात न लावताच मैदानावर गडाबडा लोळतो, सात नंबर गोल झाला की शर्ट काढून धावत सुटतो आणि एक नंबर, म्हणजे गोलकीपर, हातात आलेला चेंडू काही केल्या सोडत नाही. आम्ही काय करावं?

माझ्या चिठ्ठ्या : ‘९ – चाव.’, ‘११ – लोळ.’, ‘७ – कपडे काढ.’, ‘१ – हातातलं सोड. नाही.’

डॉक्टरबाईंकडे चार. आठ महिन्यांचं बाळ लंगोट बदलताना लाथा मारतं : ‘८ – लाथ.’ दहा महिन्यांचा नातू आजीचे केस ओढतो : ‘१० – केस ओढ.’ सहा महिन्यांची जुळी दिवसभर ओरडतात : ‘६ – ओरड.’ चौदा महिन्यांची मुलगी कुणाला न सांगता दाराबाहेर सटकते : ‘१४ – न विचारता बाहेर जा.’

आता तुम्ही शहाणे असाल तर तुम्हाला पुढचं दिसायला लागलंच असेल. मी शहाणी नव्हते. मी आंघोळीला गेले होते.

डोक्याला शाम्पू लावलेला आणि बाहेरून सासूबाईंची हाक! “अगं, खारूताईने फ्रिजचं दार साफ केलं! सगळ्या चिठ्ठ्या खाली! एक तोंडात होती, काढली मी!”

“लावून ठेवा ना आई! डावीकडे फुटबॉल, उजवीकडे बाळं!”

“कुठली कुठली?”

“वाचा ना, कळेल!”

आणि सासूबाईंनी वाचल्या. निवृत्त असल्या तरी शिक्षिका! गठ्ठ्याने आलेल्या उत्तरपत्रिका लावल्यासारख्या विचार करून लावल्या. त्यांचं तर्कशास्त्र नंतर त्यांनी मला सांगितलं, ते तसंच देते :

“लाथ म्हणजे फुटबॉल. त्यात शंका घ्यायला जागाच नाही. केस ओढणं, ओरडणं, न विचारता बाहेर जाणं, ही मोठ्या पुरुषांची लक्षणं. आणि चावणं, लोळणं, कपडे काढून पळणं, हातातलं न सोडणं? इतकं कुणी मोठं माणूस करतं का? तेही पगार घेऊन?”

बोला! आहे उत्तर?

मी बाहेर आले तेव्हा चारला दहा कमी होते. चारला पान बंद होतं. खारूताई डोळे चोळत होती. मी फ्रिजकडे नजर टाकली, नाही असं नाही. उजवीकडे, डॉक्टरबाईंच्या बाजूला, ‘९ – चाव.’ मनात आलं, बरोबर आहे. त्याच दिवशी सकाळी दूध पाजताना मला एका नऊ महिन्यांच्या व्यक्तीने असं चावलं होतं की माझी किंकाळी तिसऱ्या मजल्यावर गेली होती!

डावीकडच्या चिठ्ठ्या शिट्टीकाकांना. उजवीकडच्या डॉक्टरबाईंना. दोघांनीही पाच मिनिटांत उत्तरं पाठवली. एकानेही एकही शंका काढली नाही. याचंच मला अजून नवल वाटतं! चाळीस वर्षं एकच काम केलं की माणसाला कशाचंच आश्चर्य वाटत नाही बहुतेक.

खारूताई एका हातात, फोन दुसऱ्या हातात. उत्तर आलं की ढकल मांडणीदादाकडे, उत्तर आलं की ढकल! वाचायला सवड कुणाला? चारला एक मिनिट कमी असताना शेवटचं गेलं. मी विजयी मुद्रेने सासूबाईंना म्हटलं, “बघितलंत? याला म्हणतात पद्धत!”

रविवारी सकाळी नवरा चहा पिता पिता पुरवणी वाचत होता. अचानक चहा त्याच्या नाकातून आला.

“काय रे?”

“काही नाही. शिट्टीकाका हल्ली फार प्रेमळ झालेत गं.”

“शिट्टीकाका? प्रेमळ?”

त्याने घसा खाकरला आणि वाचलं, “‘नऊ चावतो, यात त्याचा काही दोष नाही. हिरड्या शिवशिवत असतात. ओरडू नका, मारू तर मुळीच नका. स्वच्छ सुती रुमाल ओला करून फ्रिजमध्ये थंड करा आणि चावायला द्या. प्रेमाने जवळ घेतलं की लगेच शांत होतो.’”

माझ्या हातातला चमचा खाली पडला.

“पुढे ऐक. ‘अकरा लोळतो तेव्हा कुणीही त्याच्याकडे बघू नका. सर्वांनी पाठ करावी. बघणारं कुणी नाही हे कळलं की आपसूक उठतो. फक्त आजूबाजूला टणक वस्तू नाहीत ना, तेवढं पाहा.’ अगं, भारी आहे हे! ‘सात कपडे काढतो कारण उकडतं. सैल घाला. रागावण्याऐवजी एखादं खेळणं दाखवून लक्ष वळवा.’”

“थांब!”

“‘एकची मूठ घट्ट असणं अगदी नैसर्गिक आहे. ओढाओढ करू नका. हाताच्या मागच्या बाजूवरून हळुवार बोट फिरवा, मूठ आपोआप उघडेल.’”

मी पुरवणी हिसकावली. पान उलटलं. ‘रांगत रांगत’! डॉक्टरबाईंचा हसरा फोटो आणि त्याखाली :

‘आठने मारलेली लाथ मुद्दाम होती की निष्काळजीपणाने? निष्काळजी असेल तर नुसती फ्री किक. बेदरकार असेल तर पिवळं कार्ड. जास्त जोर लावला असेल तर थेट बाहेर.’

‘दहाने केस ओढले? लाल कार्ड. चर्चा नाही. त्याच्या जागी दुसरा पाठवता येणार नाही. उरलेल्यांनी खेळावं.’

‘सहाने ओरडू नये. पंचांशी फक्त कॅप्टनने बोलायचं असतं.’

‘चौदा परवानगीशिवाय बाहेर गेला? पिवळं कार्ड. परवानगीशिवाय परत आत आला? आणखी एक पिवळं. दोन पिवळी म्हणजे लाल. घरी पाठवा.’

“घरी पाठवा!” नवरा टेबलावर डोकं टेकून हसत होता. “अगं, ती घरातूनच तर बाहेर गेली होती!”

मी मांडणीदादाला फोन लावला. “दादा! तुम्ही ते वाचलं नाहीत का? गोलकीपरची मूठ? फ्री किक? बाळाला?”

“ताई,” तो शांतपणे म्हणाला, “मी वाचत नाही. मी लावतो. खूण बरोबर होती का?”

“खूण बरोबर होती, पण...”

“मग झालं तर.” ठेवला!

आणि मग फोन सुरू झाले. सदराखाली छापलेला नंबर माझाच. पहिला एका आजोबांचा. “पिवळं कार्ड कुठे मिळतं? आमच्या नातीच्या लसीकरणाचं कार्ड पिवळंच आहे, ते दाखवलं तर चालेल का?”

दुसरा जुळ्यांच्या आईचा. तिचा आवाज झोपेअभावी भुतासारखा झालेला. “ताई, फक्त कॅप्टनने बोलायचं, हे फार पटलं हो. पण दोघांत कॅप्टन कोणाला करायचं? एक सात मिनिटांनी मोठा आहे. तो रडला तर धाकट्याने गप्प बसायचं, असंच ना?”

तिसरी एक आजी. हीच ती केस ओढून घेणारी. “लाल कार्ड दाखवलं बाई, पाकिटाचा पुठ्ठा कापून. त्याने ते खाल्लं. आता पुढचा नियम सांगा.”

तेवढ्यात शिट्टीकाका! फोन मी कानापासून हातभर लांब धरला तरी आवाज स्वयंपाकघरात पोचत होता.

“पोरी! चाळीस वर्षांत मी कुणाला रुमाल दिला नाही! कार्ड दिलं! आणि आज माझ्या नावाने, माझ्या फोटोखाली, ‘प्रेमाने जवळ घ्या’? सकाळपासून जुने खेळाडू फोन करून विचारतायत, काका, आम्हाला का नाही कधी जवळ घेतलं?”

“काका, चुकून...”

“चूक नाही ही. हा गुन्हा आहे. थेट लाल!”

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. त्या त्यांच्या मऊ आवाजात म्हणाल्या, “आठ महिन्यांच्या बाळाला मी थेट बाहेर काढायला सांगितलंय. माझा दवाखाना उद्या सकाळी उघडायचा आहे. एवढंच आठवण करून देते.”

शेवटी संपादकबाईंचा निरोप. दोनच शब्द : “उद्या. दहा.”

मी धप्पकन खाली बसले. खारूताई रांगत आली, माझा गुडघा धरून उभी राहिली. पहिल्यांदाच! आधाराने का होईना, चक्क उभी! आणि माझ्याकडे बघून असं हसली, दोन दात दाखवत, की मला रडूच फुटलं. हे बघायला मी घरी होते. उद्यानंतर नसणार.

“रडतेस काय?” सासूबाई म्हणाल्या. “चूक माझीही आहे. पण क्रियापद पूर्ण असतं ना, तर... चावतो की चावतं, एका अक्षराचं काम होतं गं! तो का तं!”

काही माणसं बुडणाऱ्याला हात देतात, काही व्याकरण देतात.

संध्याकाळी सामना टीव्हीवर होता. मला बघायचा नव्हता. नवऱ्याने लावला. मनात एकच आशा होती, प्रशिक्षकांनी आज तरी पुरवणी वाचली नसेल!

विसाव्या मिनिटाला समोरच्या संघाचा अकरा नंबर कुणी हात न लावताच कोसळला आणि लोळू लागला. आणि आमच्या संघाच्या अकराच्या अकरा खेळाडूंनी... त्याच्याकडे पाठ केली! शिस्तीत! एकाने तर लोळणाऱ्याजवळची पाण्याची बाटली उचलून बाजूला ठेवली. टणक वस्तू!

“वाचली रे त्यांनी!” मी उशीत तोंड खुपसलं.

समालोचक गोंधळला. पंच गोंधळले. सर्वांत जास्त गोंधळला अकरा नंबर. दोन वेळा लोळला, मान वर करून बघितलं, आणखी एकदा अर्धवट लोळला आणि मग गुपचूप उठून चालायला लागला!

“उठला!” सासूबाईंनी टाळी वाजवली. “अगदी खारूताईसारखा!”

उत्तरार्धात नऊ नंबर आमच्या बचावपटूच्या खांद्याकडे तोंड नेतोय न नेतोय, तोच बचावपटूने मोज्यातून ओला रुमाल काढून पुढे केला. नऊ नंबर इतका बावचळला की त्याने तो घेतला. पुढची पाच मिनिटं तो रुमाल हातात धरून धावत होता. टाकायचा कुठे हे त्याला कळेना! मग गोलकीपरने चेंडू छातीशी कवटाळला. आमचा एक जण जवळ गेला आणि त्याच्या हाताच्या मागच्या बाजूवरून, अगदी हळुवार, बोट फिरवलं.

गोलकीपर किंचाळला. चेंडू सुटला. शिट्टी! आमच्या खेळाडूला पिवळं कार्ड!

“बरोबर आहे,” नवरा गंभीरपणे म्हणाला. “गोलकीपरच्या हातात चेंडू असताना त्याला गुदगुल्या करता येत नाहीत.”

सामना बरोबरीत सुटला. तरी या बिलंदर संघासमोर आमचा क्लब सहा वर्षांत पहिल्यांदाच हरला नव्हता. पण त्याचं मला काय? मी सोमवारी घालायची साडी काढून ठेवली आणि खारूताईचे नऊ ते सहाचे डबे मनातल्या मनात भरायला लागले.

सोमवारी दहा वाजता संपादकबाईंच्या खोलीत शिट्टीकाका आणि डॉक्टरबाई शेजारी शेजारी बसले होते. मी दारातच उभी राहिले, फाशीच्या तख्तावर चढल्यासारखी.

“बाई,” शिट्टीकाका डॉक्टरबाईंना विचारत होते, “तो अकरा नंबर. त्याला उठवायला मी स्वतः चार सामन्यांत शिट्ट्या फुंकल्यात. फुप्फुसं सुकली. तुम्ही म्हणालात पाठ करा, आणि उठला. कसा?”

“प्रेक्षक नसला की कार्यक्रम संपतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बरं, मला सांगा, ते कॅप्टनचं कसं असतं? माझ्या दवाखान्यात एका बाळाबरोबर पाच नातेवाईक येतात, पाचही एकदम बोलतात. आज सकाळी मी दारावर पाटी लावली, फक्त कॅप्टनने बोलावं. इतकी शांतता! मला माझाच पंखा ऐकू आला.”

संपादकबाईंनी माझ्यासमोर कालपासून आलेल्या खूश वाचकांच्या पत्रांची चळत ठेवली. “पुढच्या रविवारी खुलासा छापायचा. खरी उत्तरं, खऱ्या जागी. आणि दोघांचं म्हणणं आहे की महिन्यातून एकदा मुद्दाम अदलाबदल करावी.”

“म्हणजे मी...?”

“घरूनच कर. पण,” चष्मा खाली आला, “यापुढे एकही क्रियापद अर्धं दिसलं तर खुर्ची तयार आहे. शपथ?”

“शपथ! अगदी खारूताईची शपथ!”

मी खोलीबाहेर पडले ती तरंगत. लिफ्टमध्ये पत्रांची चळत एका हातात, डोळ्यांत पाणी, आणि घरी दोघं जीव मुठीत धरून बसलेली! पटकन एका अंगठ्याने कुटुंबाच्या गटावर टाकलं, ‘नोकरी वाच.’ आणि फोन पर्समध्ये ढकलला.

घरी पोचले तर टेबलभर वर्तमानपत्रं पसरलेली. नवरा लाल पेन घेऊन बसलेला. नोकरीच्या जाहिरातींभोवती वर्तुळंच वर्तुळं! खारूताई एक जाहिरात चघळत होती.

“आलीस? बस,” तो अतिशय हळुवारपणे म्हणाला. “धीर सोडायचा नाही. तू म्हणालीस तशा सगळ्या वाचल्या मी. अकरा निघाल्या. आठ तर नऊ ते सहा आहेत, पण...”

“अरे, वाचली! नोकरी वाचली माझी!”

सासूबाईंनी फोन उचलला, चष्मा लावला, माझा निरोप पुन्हा एकदा वाचला, शेवटच्या टिंबावर बोट ठेवलं, आणि खारूताईच्या लसीकरणाचं पिवळं कार्ड शांतपणे माझ्यासमोर उंच धरलं.